न धरलेला महिना

माझं पहिलं मूल नवव्या महिन्यात पोटातच गेलं, आणि मला मधुमेह आहे हे त्यानंतर वर्षभराने कळलं. मुलगा होता. सुईण म्हणाली, एवढं भरलेलं लेकरू आजवर हाती आलं नाही. भरलेलं म्हणजे धडधाकट, असंच आम्हाला सगळ्यांना वाटायचं. दिवस असताना मी तहान तहान करत घागरीच्या घागरी रिकाम्या करत होते, तेव्हा सासूबाई कौतुकाने बघायच्या. दोन जिवांची आहे, लागणारच पाणी, असं शेजारणींना सांगायच्या आणि माझ्या पुढ्यात शिऱ्याची वाटी सरकवायच्या. त्यांनी माझे लाड केले, हे मी आजही कोणालाही सांगेन.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी आनंदाने रडले, असं आमच्या घरात सांगतात. खरं म्हणजे मी भीतीने रडले होते. मी मुळातच भित्री. लहानपणी सौंसरला आमच्या संत्र्याच्या बागेत पिकलेलं फळ मागे टपकन पडलं तरी मी ओरडत घरात पळायची, आणि माझे भाऊ मुद्दाम मागून संत्री फेकायचे. पण ही भीती वेगळी होती. ही पोटातच बसलेली होती आणि तिच्यापासून पळून जायला घर नव्हतं.

आम्ही राहत होतो सावरगावात. जाम नदीच्या पलीकडे पांढुर्णा, तिथल्या सरकारी शाळेत हे मास्तर होते, आणि रेल्वे स्टेशनही पलीकडेच. घरात आम्ही तिघंच: हे, मी आणि सासूबाई. राज्यांची वाटणी होऊन दुसरं वर्ष चालू होतं. आम्ही होतो तिथेच होतो, पण आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली होती आणि नागपूर मुंबई राज्यात. भोपाळ कोणी पाहिलं होतं? आम्हाला ताप आला तरी नागपूर, लग्नाचं लुगडं घ्यायचं तरी नागपूर. आता तिथल्या मोठ्या दवाखान्यात आपल्याला घेणार नाहीत, दुसऱ्या राज्याचे म्हणून परत पाठवतील, अशी बातमी बाजारात रोज नवी निघायची. प्रत्यक्षात आम्हाला कोणीही कधी अडवलं नाही. पण न घडलेल्या गोष्टीची भीती काही कमी नसते, आणि माझ्यासारखीला तर तीच जास्त.

त्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. उंच, सावळ्या, बोलणं तुटक. मधुमेह असलेल्या गरोदर बायकांवर त्यांचं संशोधन चाललं होतं. अशा बायकांची मुलं शेवटच्या महिन्यात का जातात, सुई किती दिली तर जगतात, कधी बाहेर काढली तर जगतात, हे त्या एकेका बाईवरून बघत होत्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मला माझ्या मुलाबद्दल विचारलं. केवढा होता, शेवटचा हलला कधी, रंग कसा होता. इतकं नीट मला तोवर कोणीच विचारलं नव्हतं. घरात तर त्याचं नावच काढायचं नाही असं ठरलेलं. मी सांगता सांगता थांबले, तेव्हा त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि मी पुन्हा बोलेपर्यंत वाट पाहिली.

मग त्यांनी मला सगळं शिकवलं. काचेची पिचकारी उकळायची कशी, मांडीत सुई टोचायची कशी, लघवी तपासायची कशी. नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकून दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं आणि शेवटी विटेसारखं तांबडं झालं की साखर भरपूर. इन्सुलिनच्या रिकाम्या बाटल्या फेकायच्या नाहीत, परत येताना घेऊन यायच्या, म्हणजे औषध खरंच किती गेलं ते त्यांना कळेल. ते औषध कोणत्या जनावराच्या आतड्याजवळून काढतात हे त्यांनी सांगितलं, आणि बाहेर आल्याबरोबर ह्यांनी मला बजावलं की घरी हे बोलायचं नाही. नाहीतर सासूबाईंनी मला बाटल्यांसकट नदीत बुचकळून काढलं असतं.

निघताना डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनात रुतून बसली. त्या म्हणाल्या, नळी तांबडी झाली तर घाबरू नका, सुईचं प्रमाण वाढवू. पण शेवटी शेवटी सुई तीच असताना नळी आपोआप निळी राहायला लागली, घाम सुटून हातपाय कापायला लागले, तर बरं वाटलं म्हणून घरी बसू नका. काही बायकांचं असं झालं आणि मग मूल गेलं. का होतं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मलाही नक्की माहीत नाही. म्हणून तर बघते आहे." डॉक्टरला माहीत नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मला वाटलं होतं, ते ऐकून मी आणखी घाबरेन. घाबरलेच, पण त्या बाईवर विश्वासही बसला.

पुढे पाऊस लागला. नदीला पूर, रपट्याच्या ठेंगण्या पुलावरून पाणी, आणि पोट दिसायला लागलं की बाईने नदी ओलांडायची नाही हा सासूबाईंचा नियम. एकदा पाचव्यात त्यांनी कसंबसं जाऊ दिलं. एरवी हे एकटेच दर महिन्याला पगार झाला की नागपूरला जायचे, माझ्या नळीचे रंग सांगायचे, औषध घेऊन यायचे. डॉक्टरीणबाईंनी ह्यांना सांगून ठेवलं होतं की सात महिने भरले की बायकोला घेऊन या. आठवा महिना दवाखान्यातच काढायचा आणि नववा भरू द्यायचा नाही, त्याआधीच पोट उघडून मूल बाहेर काढायचं.

हे बोलणं घरी आलं आणि मोठं रामायण झालं. आठव्यात बाई वेशीबाहेर पाऊल टाकत नाही. आठव्यात जन्मलेलं लेकरू जगत नाही. सातव्यातलं एक वेळ जगतं, नवव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही, हे आमच्याकडे ज्याला त्याला ठाऊक. सासूबाई दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. मग त्यांनीच मार्ग काढला. सात भरले की आठवा लागायच्या आत मला गाडीत बसवायचं. नववा लागला की मग डॉक्टरला काय करायचं ते करू दे. पहिल्या नातवाला त्यांनीच नदीकाठी पोचवलं होतं, आणि माझ्यापेक्षा कमी घाबरलेल्या त्या नव्हत्या. फक्त माझी भीती रडायची आणि त्यांची हुकूम सोडायची.

महिने मोजायचं काम त्यांच्याकडेच होतं. ते बायकांचं काम म्हणून ह्यांनी त्यात कधी डोकं घातलं नाही. मी तर मोजणं सोडूनच दिलं होतं. पहिल्या वेळी मी एकेक दिवस मोजला होता.

रंगपंचमीच्या सुमारास माझी पाळी झाली होती. सासूबाई बोटांच्या पेरांवर मोजायच्या: चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. दिवाळीला सात भरतात, पाडवा झाला की निघायचं, असं त्यांनी जाहीर केलं. त्या वर्षी श्रावण दोनदा आला होता. पहिला अधिक, म्हणजे आमच्याकडे म्हणतात तो धोंड्याचा महिना. जावयाला बोलावून अनारसे खाऊ घालायचे आणि बाकी कोणतंही कार्य करायचं नाही. पोळाही त्यामुळे उशिरा आला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमारही, आमच्या दोन गावांची दगडांची लढाई. नदीच्या दोन्ही काठांवरून दगड भिरभिरत होते तेव्हा मी मागच्या खोलीत दोन्ही हात पोटावर ठेवून बसले होते.

कोजागिरी झाली आणि माझी नळी निळी राहायला लागली. मागच्या पडवीत मी रोज लघवी उकळायची. स्वयंपाकघराच्या आसपासही ते सामान यायला बंदी होती. आधी दुपारची नळी हिरवट असायची, कधी पिवळी. आता सकाळ, दुपार, संध्याकाळ निळी. सुई तेवढीच. जेवणाआधी घाम यायचा, हातातली वाटी थरथरायची. सासूबाईंना मी नळी दाखवली तर त्यांचा चेहरा खुलला. साखर गेली, देवाने ऐकलं, म्हणाल्या, आणि देवापुढे दिवा लावून आल्या. मला सांगता येईना. डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवत होतं, पण त्या शेवटी शेवटी म्हणाल्या होत्या, आणि सासूबाईंच्या हिशोबाने माझा सातवाच चालू होता.

दिवाळीनंतर जायचं म्हणून मी सामान काढत होते. रिकाम्या बाटल्या कोनाड्यात ठेवलेल्या. ह्यांच्या प्रत्येक खेपेच्या बाटल्या मी सुतळीने एकत्र बांधून ठेवायची, महिन्याची एक जुडी. त्या धडप्यात गुंडाळताना माझ्या लक्षात आलं की सासूबाईंच्या मोजणीपेक्षा एक जुडी जास्त आहे. मी खाली बसून पुन्हा मांडल्या. ही पहिल्या भेटीची, ही उन्हाळ्याच्या सुट्टीतली, ही पूर आला होता तेव्हाची. एकही जुडी खोटी नव्हती. ह्यांचा पगार इंग्रजी महिन्यावर होतो आणि सरकारला धोंड्याचा महिना ठाऊक नाही. जुड्या बरोबर होत्या. महिना आमचा हरवला होता.

मी तिथूनच सासूबाईंना हाक मारली.

"आत्याबाई, मोजताना धोंड्याचा महिना धरला का तुम्ही?"

त्या दारात आल्या. "तो कायले धरायचा? तो धरत नाही कुठंच."

"पण माह्या पोटातलं तं त्याही महिन्यात वाढलंच ना."

त्या पेरांवर अंगठा फिरवत गेल्या, एकदा, पुन्हा एकदा, आणि मग भिंतीला धरून हळूच खाली बसल्या. आठवा नुसता लागला नव्हता. तो निम्म्याहून जास्त सरून गेला होता. ज्या महिन्यात मला घराबाहेर काढायचं नव्हतं त्याच महिन्यात मी होते, आणि ज्या महिन्यात दवाखान्यात असायला हवं होतं तोही हाच. आणि नळी निळी होती. ते मी त्यांना आता सांगितलं, डॉक्टरीणबाईंचं बोलणं जसंच्या तसं. देवापुढचा दिवा अजून जळत होता.

हे शाळेतून आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि खाटेवर बसून राहिले. जायचं का नाही, हे त्यांना ठरवता येईना. आईकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे. मला त्यांचा राग आला. इतका शिकलेला माणूस, पोरांना रोज बेरजा घालतो. पण मलाही ठरवता येत नव्हतं, ही गोष्ट खरी. गेलो आणि वाटेत काही झालं तर? राहिलो आणि पुन्हा तसंच झालं तर? दोन्हीकडे माझं मूल मरताना दिसत होतं.

सासूबाई माझ्याजवळ सरकल्या. माझ्या पोटावर हात ठेवला आणि वाट पाहत बसल्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. बाहेर गुरं परत आली, शेजारी कोणीतरी पाणी ओढत होतं. मग आतून अगदी हलकंसं काहीतरी सरकलं. पूर्वी लाथ मारायचं तसं नव्हे, झोपेत कूस बदलावी तसं.

"मंद झालं हो हे," त्या ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या. "सकाळच्या गाडीनं निघू. मीही येतो."

पहाटे त्यांनी नारळ, हळदकुंकू, खण असं सगळं पदरात घेतलं. आमची बैलगाडी नदीवर आली तेव्हा गाडी थांबवून त्या खाली उतरल्या आणि त्यांनी जामेची ओटी भरली. पाण्याशी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मग वर येऊन माझ्या डोळ्यांवर त्यांनी स्वतःचा पदर ओढला. डोळे मिटून घे, म्हणाल्या, नदी पाहिलीच नाही तर ओलांडली कुठे? एरवी मी हसले असते. तेव्हा मी इतके घट्ट डोळे मिटले की कपाळ दुखायला लागलं. पांढुर्ण्याहून गाडी सुटल्यावर जिथे जिथे पूल आला तिथे तिथे तो पदर माझ्या तोंडावर येत राहिला. नरखेड, काटोल, मला काहीच दिसलं नाही. राज्याची नवी हद्दही मी तशीच डोळे मिटून ओलांडली असणार. मी फक्त पोटातल्या हालचालीकडे कान लावून होते, आणि ती होत नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी मला पाहिल्याबरोबर विचारलं, तुम्ही इतके दिवस होता कुठे? मी धडपं सोडून बाटल्यांच्या जुड्या पुढे केल्या आणि निळ्या नळीचं सांगितलं. त्यांनी पोटाला नळकांडं लावून बराच वेळ ऐकलं. त्या ऐकत असताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि माझ्या आयुष्यात मी इतकी कशालाच घाबरले नाही. आहे, त्या म्हणाल्या. ठोके आहेत.

सुई कमी केली, मला पलंगावरून हलू दिलं नाही. त्यांना वाट बघायची होती, मूल थोडं आणखी तयार व्हावं म्हणून, आणि फार वाट बघायचीही नव्हती. त्या रोज सकाळी यायच्या, ऐकायच्या, कपाळाला आठ्या घालून जायच्या. शेजारच्या पलंगावर वर्ध्याकडची एक बाई होती, तिलाही माझाच आजार. ती अगदी वेळेवर आलेली, सगळे नियम पाळलेली. दिवाळीच्या आदल्या दिवशी तिच्या पोटातलं गेलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि मी माझ्या पोटावर हात ठेवायलाही घाबरायला लागले.

त्याच दिवशी डॉक्टरीणबाई आल्या आणि म्हणाल्या, आता थांबत नाही, उद्या काढू. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. मला ठाऊक होतं त्या काय म्हणणार. आठव्यातलं जगत नाही. आजवर त्यांनी हे इतक्या वेळा सांगितलं होतं की मलाही ते आतून खरंच वाटत होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांचा अंगठा पुन्हा पेरांवर चालला होता.

"धोंडा धरला तं आता नववा लागूनच राहिला," त्या म्हणाल्या. "काढा बाई तुम्ही."

मुलगी झाली. मला शुद्ध आली तेव्हा ती माझ्याजवळ नव्हती. आहे, पण श्वास नीट घेत नाही, एवढंच ह्यांनी सांगितलं. ती मोठी होती, सुजल्यासारखी, रंगाने जांभळट, अगदी आपल्या भावासारखी. तिच्या रक्तातली साखर एकदम उतरते म्हणून नर्स ड्रॉपरने तिच्या तोंडात ग्लुकोजचे थेंब सोडत होत्या. आयुष्यभर मला ज्या साखरेची धास्ती, तीच माझ्या लेकीला थेंब थेंब पाजत होते. त्या दोन दिवसांतलं मला नीट काही आठवत नाही. दार उघडलं की मी डोळे मिटायची, एवढं आठवतं.

मग एका सकाळी तिचं रडणं मी भिंतीपलीकडून ऐकलं. चांगलं खणखणीत, रागावलेलं. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई स्वतः तिला घेऊन आल्या आणि माझ्या कुशीत ठेवून म्हणाल्या, आता हिची काळजी नाही. मग आपल्या तुटक आवाजात त्या ह्यांना समजावत राहिल्या, अशी मुलं शेवटच्या आठवड्यांत जातात, ती वेळ यायच्या आधी काढलं की पुष्कळदा वाचतात, असं त्यांना आता दिसायला लागलं आहे.

सासूबाई पायथ्याशी उभ्या होत्या. गेले दोन दिवस त्या पलंगाखाली चटई टाकून तिथेच होत्या. त्यांनी विचारलं, "मग तो पहिला? त्यालेही असं आधी काढलं असतं तं?"

डॉक्टरीणबाईंनी खोटं बोलायला हवं होतं, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि अजूनही कधीकधी वाटतं.

"बहुतेक जगला असता," त्या म्हणाल्या. "पण तेव्हा हे आम्हालाच माहीत नव्हतं, आजी."

त्या गेल्या. हे खिडकीशी जाऊन उभे राहिले. सासूबाई तशाच उभ्या, पलंगाचा गज धरून. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून त्यांनी कोणाला काही विचारून केल्याचं मला आठवत नाही. कोणाच्याही घरचं तान्हं मूल त्या सरळ उचलून मांडीवर घ्यायच्या, आई बघत राहायची. आता त्या माझ्या उशाशी आल्या, हात पदरात गुंडाळलेले, आणि मुलीला न शिवता माझ्याकडे बघत म्हणाल्या,

"पोरी, हिले घेऊ का मी?"